भिंतीवरची तांबडी दोरी

स्टोअर म्हणजे पाप, हे आम्हाला शिकवायला पुण्याहून एक सल्लागार आला होता. कोट घालून. एप्रिल महिना, शिरोलीची एमआयडीसी, भट्टी वीस पावलांवर, आणि हा माणूस कोटात. तेव्हाच मी ओळखलं की याला उन्हातलं काही विचारायचं नाही. पुढं ते खरं ठरलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्याचं म्हणणं असं. रॅकवर पडलेला प्रत्येक सुटा भाग म्हणजे कारखान्याच्या अंगावरची चरबी. जपानात साठा करत नाहीत. पुढच्यानं मागितलं की मागचा बनवतो, न मागता बनवत नाही. साठा उतरवला की कारखाना हलका होतो, आणि हलका माणूस जसा पटकन वळतो तसा कारखानाही गिऱ्हाईक वळेल तिकडं वळतो. बोलणं चुकीचं नव्हतं. पण ते बोलताना त्याचं बोट माझ्या रॅककडं होतं. सत्तावीस वर्षं मी त्या स्टोअरची स्टोअरकीपर. कुठल्या खणात कुठला नट आहे ते डोळे झाकून सांगायची. आणि त्या माणसाच्या शेजारी उभी राहून मान डोलावत होती ती माझी सख्खी पोरगी.

मी त्रिशला मगदूम. पोरगी सन्मती. आमचा कारखाना पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग बनवतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, तासायचं, पाठवायचं. सन्मती बंगळुरूची चांगली नोकरी सोडून आली होती, ती 'चाहूल' नावाची यंत्रणा घेऊन. आमचे मालक अजितकुमार नरदे यांनी तिला दीड वर्षाचा करार दिला. यंत्रणा चालली तर कायम, नाही तर रस्ता मोकळा. मला निवृत्तीला दोन वर्षं. घरात माणसं दोनच, आणि दोघींची चूल एकाच भट्टीवर. हे दोन हजार सदतीस सालचं.

चाहूल काय होती ते सांगते, अवघड नाही. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला आवाज असतो. बाजारात मडकं घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो; धड मडकं टण्ण वाजतं, तडा गेलेलं भद्द. पंपाचंही तसंच. बेअरिंगमधल्या गोळीवर बारीक खड्डा पडला की दर फेऱ्याला ती ठेच खाते. पाण्यातले बुडबुडे फुटून फुटून आतला पंखा, म्हणजे इंपेलर, कुरतडला की आवाजात खडे पडल्यासारखी खरखर येते. माणसाच्या कानाला हे फार उशिरा कळतं. चाहूल म्हणजे करंगळीच्या नखाएवढा कान, पंपाच्या अंगावर चिकटवलेला. तो ऐकत राहतो, ऐकलेलं आमच्या संगणकाला धाडतो, आणि संगणक ते आधी ऐकलेल्या लाखो पंपांशी ताडून सांगतो की या इंपेलरचे नऊ दिवस उरलेत.

पंपाच्या धन्याला पत्ताही नसतो, आणि इकडं काम सुरू झालेलं असतं. पूर्वी साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न लागायचा. तो करायला सुताराचे पंधरा दिवस. आता वाळूचा साचा यंत्र थेट छापतं, थरावर थर देत. सकाळी छापला, दुपारी ओतला, दोन दिवसांत उद्यमनगरातल्या कुठल्यातरी गाळ्यात तासून झाला, आठव्या दिवशी पंपावर बसला. जुना मरायच्या आदल्या दिवशी नवा हजर. साठा शून्य. माझे बावीस रॅक भंगारात गेले तेव्हा मी बघत उभी होते. तरी कबूल करते, काम सुंदर होतं. माझ्या पोरीचं आहे म्हणून नाही म्हणत. त्या उन्हाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या नऊ हजार पंपांवर कान बसले होते आणि कुणाचं पाणी एक दिवस तुटलं नव्हतं.

गाळ्यागाळ्यातून माल गोळा करायची फेरी दस्तगीर मुल्लाणीकडं. मोठ्या रस्त्यावर बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या होत्या, पण उद्यमनगरातल्या बोळात, कुत्री आणि हातगाड्या चुकवत घुसायला दस्तगीरच लागायचा. सल्लागार त्या फेरीला 'मिल्क रन' म्हणायचा. पडद्यावर चित्रं काढून त्यानं ती दस्तगीरला तासभर समजावून सांगितली. एकच गाडी, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, प्रत्येक दारातून थोडं थोडं उचलायचं. दस्तगीरनं त्याआधी चौदा वर्षं दूध संघाची गाडी चालवलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समजलं साहेब. म्हशी कुठं बांधायच्या तेवढं सांगा."

स्टोअर गेल्यावर मला एका टेबलाशी बसवलं. समोर पडदा. त्यावर चाहूलची मागणी येणार, मी 'होय' दाबायचं. चाळीस सेकंदांत दाबलं नाही तरी ती आपोआप होय. 'नाही' असं बटणच नव्हतं. मग मी तिथं कशाला? तर गिऱ्हाइकांच्या कुठल्याशा नियमात लिहिलेलं की मागणी आणि भट्टी यांच्यामध्ये एक माणूस पाहिजे. तो माणूस मी. देवळाच्या दारातल्या दगडी हत्तीसारखी.

माझ्या डोक्यावर भिंतीला एक तांबडी दोरी लोंबत होती. तीही नियमातलीच. जपान्यांनी साठा उतरवला तेव्हा त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली होती, ती सल्लागारानं अर्ध्या वाक्यात उरकली. लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं दिसलं, तर दोरी ओढून अख्खी लाईन थांबवायचा हक्क त्यांनी दिला होता. बरोबरच आहे. पाठीशी साठा नसेल तर एक चूक सगळ्यांना घेऊन बुडते, मग ज्याला ती दिसते त्याच्या हातात लगाम पाहिजे. ही बैलजोडी आहे. आमच्याकडं एकच बैल आला, दुसऱ्याचं चित्र भिंतीला टांगलं. सल्लागार सगळ्यांदेखत म्हणाला, "ही दाखवण्यापुरती आहे. कुणी ओढली तर त्याच दिवशी घरी." बाहेरून विद्या आणायची आणि त्यातलं कामगाराच्या हातात पडेल तेवढंच वाटेत सांडायचं, यात आमच्या या शिकलेल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. स्टोअर उपसलं त्या दिवशी सगळ्यात जास्त खपणाऱ्या मापाचे अकरा इंपेलर मी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात घातले, वर चिंध्या टाकल्या, आणि डबा टेबलाखाली सरकवला. चोरी नव्हती, कारखान्याचा माल कारखान्यातच होता. पण नव्या कायद्यानं तो गुन्हाच. सन्मतीला सांगितलं नाही. जेवताना ती शून्य साठ्याबद्दल इतकी खुशीत बोलायची की मी तिला आणखी एक भाकरी वाढायची.

मग खंडेनवमी आली.

इतर वर्षी त्या दिवशी आमच्याकडं सगळी यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, दिवसभर बंद. हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा, हे आमच्या आज्ज्यापणज्यापासूनचं. त्या वर्षी मात्र वीस मिनिटं, एकाच यंत्राची पूजा, बाकी सगळं चालू. कारण अहमदाबादचे पाहुणे येणार होते. त्यांना लाखभर पंपांवर चाहूल बसवायची होती, आणि चालती लाईन डोळ्यांनी बघायची होती. सन्मतीचा करार त्यांच्या होकारावर टांगलेला. सकाळी ती माझ्या पाया पडली, फोन बंद केला आणि हॉलमध्ये गेली. बारापर्यंत आत कुणाला सोडायचं नाही, असा मालकांचा हुकूम होता.

साडेनवाला पहिली मागणी आली. केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं बिडाचं कवच. कारण लिहिलेलं होतं, 'गोठल्याने तडा'. मी होय दाबलं. लगेच दुसरी. तीही केसिंग, तेच कारण. मग तिसरी. दहा वाजता साठ झाल्या होत्या.

'गोठल्याने' हा शब्द मी तीनदा वाचला. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर कडकडत होतं, ब्लाऊज पाठीला चिकटला होता. सत्तावीस वर्षांत मी वर्षाला फार तर तीस-चाळीस केसिंग दिली असतील, तीही कुणी पंप ट्रॉलीतून पाडला म्हणून. आणि इथं अर्ध्या तासात साठ. साडेदहाला चारशे. साचे छापणारी चारही यंत्रं हातातले इंपेलर सोडून केसिंगकडं वळली. चपळ होती ना ती. सत्तेचाळीस गाळ्यांना निरोप गेले की चढवलेलं काम उतरवा, आता फक्त केसिंग. बिडाच्या विटांचे आठ ट्रक मागवले गेले. एवढं सगळं झालं आणि कारखान्यात कुणी कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती.

सन्मतीला फोन लावला, बंद. शिपायाला चिठ्ठी देऊन हॉलकडं पाठवलं, तो चिठ्ठी घेऊनच परत आला. मी चाळीस सेकंद हात मांडीवर ठेवून बसून पाहिलं. मागणी आपोआप होय झाली.

आवारात दस्तगीरनं गाडी धुतली होती. गाडीला माळ, स्टिअरिंगला कुंकू, चाकाखाली लिंबू. दस्तगीरची खंडेनवमी कधी चुकली नाही. तो म्हणायचा, पोट भरणाऱ्या लोखंडाला जात नसते. गाडीचं झाल्यावर त्यानं आवारातल्या बोअरचा पंप बंद केला, त्यालाही पाणी मारलं, माळ घातली. जवळ दगड नव्हता. नारळ थेट पंपाच्या अंगावर हाणला. आमच्याकडं सगळे असंच करतात. बीड हाताशी असताना दगड कोण शोधत बसतो?

फट्ट.

माझ्या पडद्यावर एक ओळ वाढली. ठिकाण शिरोली. आवारातला बोअर. केसिंग. गोठल्याने तडा.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. पंप ठणठणीत. अंगावरून नारळाचं पाणी ओघळत होतं.

"दस्तगीर, आणखी एक फोड."

"एकाच पंपाला दोन, आक्का?"

"फोड म्हणते ना."

फट्ट. पडद्यावर आलं, 'तडा वाढला. तातडी अति.'

चाहूलचे कान थंड मुलखातल्या पंपांवर शिकून तयार झालेले होते, हे सन्मतीनंच मला कधीतरी सांगितलं होतं. तिकडं कडक हिवाळ्यात बंद पंपात पाणी राहिलं की ते गोठतं, गोठताना फुगतं आणि बीड फोडून बाहेर येतं. चाहूलनं हे हजारदा ऐकलेलं. पंप बंद होतो, शांततेत एक दणका येतो, आणि पंप पुन्हा सुरू होत नाही. थंडीची लाट आली की एका सकाळी एका टापूत असे शेकडो. आणि आमच्या टापूत त्या सकाळी काय चाललं होतं? पंप बंद करायचा, धुवायचा, माळ घालायची, त्याच्याच अंगावर नारळ फोडायचा आणि दिवसभर हात लावायचा नाही. गावोगाव. चाहूलची ही पहिलीच खंडेनवमी. तिच्या हिशेबानं कोल्हापूर बर्फाखाली गाडलं गेलं होतं. कानाच्या जोडीला ऊन-थंडी ओळखणारा एक भाग मुळात होता; तो सल्लागारानं चरबी म्हणून काढायला लावला होता. कोटवाला.

पडदा अठराशेवर गेला होता. पावणेबाराला पहिलं बीड केसिंगच्या साच्यांत पडणार होतं. एकदा ओतलं की ओतलं. मग ते गाळ्यांत जाणार, आणि गाळेवाले म्हणजे नवरा-बायको आणि एक यंत्र अशी माणसं. नको असलेल्या केसिंगांचे ढीग दारात घेऊन ती दिवाळीला काय खाणार होती? वर ज्यांचे इंपेलर खरोखर मरायला टेकले होते, त्यांचे साचे रांगेतून बाहेर फेकले गेले होते.

थांबवायचं कसं? बटण नाही. फोन नाही. उरली दोरी. ती ओढली आणि हॉलमधल्या पाहुण्यांना कळलं, तर सन्मतीचा करार गेला, माझी दोन वर्षं गेली. पण ओढून तरी काय होणार होतं? दाखवण्यापुरती दोरी, खिळ्याला अडकवलेली. मला वाटलं, निदान ओढली असं तरी होईल. खोट्या दोरीला भ्यायचं काय कारण?

ओढली.

आधी डोक्यावर तांबडा दिवा लागला. मग भोंगा झाला. आणि मग आवाज गेला. छापणारी यंत्रं, सरकते पट्टे, वाळू चाळणारी चाळण, सगळं एकामागोमाग गप्प झालं. सत्तावीस वर्षांत कामाच्या वेळेला मी त्या शेडमध्ये चिमणी ऐकली नव्हती. ती ऐकू आली. मी दोरी धरून तशीच उभी.

दोरी खरी होती.

दोन मिनिटांत मालक आले, मागे पाहुणे, त्यांच्या मागे सल्लागार, आणि सगळ्यात शेवटी सन्मती. मालकांनी विचारलं, "कुणी ओढली?"

"मी."

"ओढायची नाही म्हणून सांगितलं होतं का नव्हतं?"

"सांगितलं होतं."

मालक सल्लागाराकडं वळले. ही जोडलेली नाही असं तुम्ही म्हणाला होता, मग लाईन थांबली कशी, असं त्यांनी विचारलं. सल्लागार सन्मतीकडं बघू लागला.

"मी जोडली," सन्मती म्हणाली.

आता घरातल्या दोन्ही नोकऱ्या एका दोरीला लोंबत होत्या. मी म्हटलं, जे जायचं ते जाईल, पण आधी एक नारळ बघा. सगळ्यांना खिडकीशी उभं केलं आणि दस्तगीरला खूण केली. तो तिसरा नारळ घेऊन पंपाशी गेला, आणि पाहुण्यांकडं बघून मला म्हणाला, "आक्का, आता खरंच फुटंल हां." फट्ट. मी पडदा वळवून दाखवला. 'पंप नष्ट. नवीन पंप पाठवा.' तोवर वरचा आकडा अडीच हजारांवर गेला होता.

पाहुण्यांमधले एक वयस्कर गृहस्थ आधी हसले. त्यांच्याकडंही दसऱ्याला यंत्रं पुजतात, त्यामुळं त्यांना समजवायला लागलं नाही. आपल्या लाख पंपांवर हे झालं असतं तर, हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचं हसू मधेच थांबलं. सल्लागार माहितीच्या दर्जाबद्दल काहीतरी बोलायला लागला. त्याला थांबवून त्यांनी मालकांना एवढंच विचारलं, ही बाई रोज इथं बसते का?

मालक पायरीवर बसले. भट्टीतलं बीड पुन्हा विटांमध्ये ओतायला लागलं, आठ ट्रक वाटेतून परत फिरवायला लागले, दिवस वाया गेला. माझे आभार कुणी मानले नाहीत. मालक लोक आभार मानत नसतात. दुसऱ्या दिवशी गेटवर तुमचं कार्ड चाललं की समजून घ्यायचं. माझं चाललं. सन्मतीचंही.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी लाईन बंद होती, आणि सन्मती माझ्या शेजारी स्टूल ओढून यादी चाळत बसली. आकडा चार हजार एकशे अठरावर येऊन थांबला होता. त्यातले चार हजार एकशे पंधरा नारळ. उरले तीन. त्यातले दोन पंप आठवडाभर दम धरू शकत होते. तिसरा, माळवाडीच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेचा. इंपेलर. त्याचा साचा सकाळी छापून होणार होता, तो केसिंगच्या गर्दीत बाजूला फेकला गेला. आता यंत्रं लावून, छापून, ओतून, तासून पाच दिवस. पंपाकडं उरले होते जेमतेम तीन.

सन्मतीनं डोकं धरलं. "अख्खं गाव आहे आई. एक जरी इंपेलर कुठं पडलेला असता ना."

हे वाक्य तिच्या तोंडून. शून्यवालीच्या.

मी खाली वाकले आणि डबा बाहेर ओढला. वरच्या चिंध्या काढल्या.

"आई, हे काय?"

"पाप," मी म्हटलं. "अकरा आहेत, त्याच मापाचे. एक घे."

तिनं बोटानं मोजले. एप्रिलपासून इथं आहेत का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मला वाटलं आता चिडणार. तिनं एक इंपेलर उचलून चिंधीनं पुसायला घेतला. मग मीच विचारलं, की दोरी का जोडली, त्यांनी नको सांगितलं असताना.

"तिथं तू बसणार होतीस ना," ती म्हणाली. "खोट्या दोरीखाली तुला कशी बसवू?"

आम्ही दोघी सहा महिने एका ताटात जेवत होतो, आणि दोघींनी एकमेकींपासून एकेक गुन्हा लपवला होता. मला हसू आलं. तिला रडू. मग उलट झालं. तेवढ्यात दस्तगीर आत डोकावला आणि म्हणाला, रडायचं असलं तर इंपेलर आधी गाडीत द्या, माझी म्हैस खोळंबली आहे. सहा वाजता त्यानं तो माळवाडीत पोचवला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गावात नेहमीच्या वेळेला पाणी आलं. काही झालंच नव्हतं असं. पाणी येणाऱ्या घरात कुणी पाण्याचा विचार करत नाही, आणि ते तसंच असावं.

पुढं पाहुण्यांनी चाहूल घेतली, पण दोरी खरी पाहिजे अशी अट घालून. सल्लागाराला पुण्याहून पुन्हा बोलावलं नाही. ऊन-थंडी ओळखणारा भाग परत बसवला. मग सन्मती कुठला भाग साठवायचा आणि कुठला नाही याचं गणित घालून बसली. जो पटकन होतो तो ठेवायचा नाही. ज्याला वेळ लागतो आणि ज्याच्यावाचून माणसं तहानलेली राहतील तो थोडा ठेवायचा. बावीस रॅकांच्या जागी एक रॅक आला. खरं सांगायचं तर बावीस फारच होते. मागच्या सहांत काय पडलं होतं ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. हे मी सन्मतीला अजून सांगितलेलं नाही. त्या एका रॅकवर कुणीतरी खडूनं 'पाप' लिहिलं. पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही. आता ते रंगानं लिहिलेलं आहे.

राहिला चाहूलला नारळ शिकवायचा. कानाला एखादी गोष्ट शिकवायची तर ती शेकडोदा ऐकवावी लागते. तीनशे नारळ आणले. लहान पंप, मोठा पंप, गंजका पंप, पाण्यानं भरलेला, रिकामा. अख्खा आठवडा शेडमध्ये फट्ट फट्ट चालू. सन्मती वही घेऊन प्रत्येक दणका टिपत होती. दस्तगीर फोडत होता आणि दर दहा नारळांनी नवस कुणाचा आहे ते विचारत होता. कॅंटीनमध्ये पहिले दोन दिवस नारळाची वडी, मग चटणी, मग सोलकढी, मग भातात खोबरं, आमटीत खोबरं. सहाव्या दिवशी भट्टीवरच्या कामगारांनी कॅंटीनवाल्याला निरोप पाठवला की उद्या खोबरं दिसलं तर दोरी ओढू.

दोरी त्या वर्षात नऊ वेळा ओढली गेली. दोनदा मी, बाकी कुणी ना कुणी. एकदा तर झाडलोट करणाऱ्या कल्लव्वानं. नऊतल्या सहा वेळा काहीच चुकलेलं नव्हतं, ओढणारा चुकला होता. नोटीस कुणालाही गेली नाही. मालक प्रत्येक वेळी पायरीवर येऊन बसतात, लाईन पुन्हा सुरू झाली की उठून जातात. सवय झाली आहे त्यांना.

यंदाच्या खंडेनवमीला कारखाना दिवसभर बंद ठेवला. मी तरी टेबलाशी जाऊन बसले, हौसेनं. दोरीला हळदकुंकू लावलं, झेंडूची एक लहान माळ गाठ मारून अडकवली. सन्मतीनं दोन कप चहा आणला. साडेनवाला पडद्यावर पहिली ओळ उमटली. नारळ. मग दुसरी. नारळ. आम्ही चहा पीत ती यादी वर सरकताना बघत होतो. कुठं कुठं पूजा झाली ते घरबसल्या कळत होतं. हुपरी झालं, कागल झालं, माळवाडी झालं. दुपारपर्यंत चार हजार तीनशे सहा नारळ.

आणि मधेच एक ओळ वेगळी. केसिंग. तडा. कारण: माहीत नाही.

सन्मती पुढं झुकली. तिला वाटलं, शिकवण्यात काही राहिलं. मी दस्तगीरला फोन लावला, तो त्याच बाजूला सासुरवाडीला गेलेला. अर्ध्या तासात त्याचा उलटा फोन आला. हसून हसून त्याला बोलता येत नव्हतं. एका भाद्दराचा नारळ चार वेळा आपटून फुटेना, म्हणून त्यानं तो पंपावर ठेवून वर घण घातला होता. नारळ फुटला. पंपही.

"खरी आहे," मी सन्मतीला म्हटलं.

केसिंग आम्ही साठवत नाही. परवा छापायचं, ओतायचं, आठवड्यात त्याला पोचतं. मी चष्मा पुसला, ओळ एकदा नीट वाचली, आणि होय दाबलं. त्याच्या शेजारी आता 'नाही' चंही बटण आहे.